घाईच्या पुण्यात सावकाश कसं जगायचं

सकाळी साडेआठला कोथरूडहून निघालेला माणूस तासाभराने हिंजवडीत गाडी लावतो आणि मधल्या रस्त्यातलं त्याला फारसं काही आठवत नाही. कुठल्या झाडाला फुलं आली होती, हवेत गारवा होता का, काहीच नाही. परततानाही तेच. रात्री ताट घासायला टाकेपर्यंत भाजी कोणती होती हेही विसरलेलं असतं. दिवसभरात वाईट काही घडलेलं नसतं, तरी दिवस हातून निसटल्यासारखा वाटतो.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. जी गोष्ट बदलत नाही तिची दखल घेणं मेंदू सोडून देतो. उदबत्ती लावलेल्या खोलीत पाच मिनिटं बसलं की वास येईनासा होतो, अंगणात जाऊन परत आलं की पुन्हा येतो. रोजचा रस्ता, रोजचं जेवण, घरातल्या माणसांचे आवाज यांचंही असंच होतं. त्यामुळे उपाय दोनच. मध्ये थोडं अंतर पाडायचं, नाहीतर वेग इतका उतरवायचा की बारकावे पुन्हा जाणवू लागतील. खाली जे सांगितलं आहे ते सगळं याच दोन गोष्टींवर उभं आहे.

त्यासाठी दिवसातून वेगळा तास काढायला जाऊ नका. तसा तास फार थोड्या जणांकडे असतो, आणि काढला तरी आठवड्याभरात दुसरं काम तो खाऊन टाकतं. रोज होणारंच एक काम निवडा आणि तेवढंच सावकाश करा. निवडताना तीन गोष्टी बघा: ते रोज होत असावं, पाच ते वीस मिनिटांत संपावं आणि त्यात हात गुंतलेले असावेत. हात रिकामे असले की मन लगेच उद्याच्या मीटिंगमध्ये जाऊन बसतं. पहिले १४ दिवस एकच काम. सगळं एकदम सुरू करणारे बहुतेक जण चौथ्या दिवशी सगळंच सोडतात.

सकाळचा चहा

सुरुवातीला चहाच घ्या. बारा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्यात नाक, कान, डोळे, हात, जीभ सगळ्यांना काहीतरी मिळतं.

दोन कपांसाठी एक कप पाणी, एक कप दूध, दोन लहान चमचे चहा पावडर, साखर आपल्या सवयीप्रमाणे, बोटाच्या एका पेराएवढं आलं आणि गवती चहाच्या दोन-तीन पाती. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उपडा करून ओट्यावर ठेवला तर पुरत नाही, नजर तिकडे जातेच.

पाणी गॅसवर ठेवण्याआधी आलं खलबत्त्यात ठेचा. पहिले दोन घाव कोरडे वाजतात, रस सुटला की आवाज ओला होतो. तो बदल ऐकू आला की थांबा. गवती चहाच्या पातींची गाठ मारा. गाठ मारताना पात चुरगळते आणि वास बोटांना लागतो. बोटं एकदा नाकाजवळ न्या.

आता मध्यम आचेवर पाणी ठेवा आणि तिथेच उभे राहा. आधी भांड्याच्या तळाला मोहरीएवढे बुडबुडे चिकटतात. मग पाणी गुणगुणायला लागतं. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या गार पाण्यात विरतात, त्याचा तो आवाज. तो वाढत जातो आणि उकळी फुटायच्या जरा आधी चक्क कमी होतो, कारण आता सगळंच पाणी तापलेलं असतं आणि बुडबुडे न विरता वर येतात. वीस-तीस वर्षं चहा करणाऱ्यांपैकीही अनेकांनी हा उतार कधी ऐकलेला नसतो. पहिल्या आठवड्याचं काम एवढंच: आवाज कधी उतरतो ते रोज पकडायचं.

पाणी उकळलं की आलं आणि गवती चहा घाला आणि दोन मिनिटं चांगलं उकळू द्या. मग साखर, मग पावडर, आणि शेवटी दूध. हा क्रम बदलू नका. कच्च्या आल्यात दूध फाडणारा एक घटक असतो, तो उकळत्या पाण्यात निकामी होतो. आलं थेट दुधात पडलं तर चहा फाटण्याची भीती असते. दूध घातल्यावर एक उकळी आणा, मग झाकण ठेवून मिनिटभर थांबा आणि गाळा.

कप दोन्ही हातांनी धरून बसा. पहिले तीन घोट काहीही न वाचता, न बघता, न बोलता घ्या. घोट गिळला की तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. आल्याची चव जिभेपेक्षा मागून, घशाकडून नाकात चढते ती जास्त खरी असते, आणि ती फक्त श्वास सोडतानाच कळते. तीन घोटांनंतर पेपर उघडायला हरकत नाही.

बिघडतं कुठे? दूध घातल्यावर 'तोवर डबा भरून घेऊ' म्हणून वळलं की चहा उतू जातो, आणि मग ओटा पुसण्यात पुढची दहा मिनिटं चिडचिडीत जातात. दुसरं म्हणजे घरात लोक हसतात. हसू द्या. समजावत बसू नका, त्यांनाही तोच चहा द्या.

गाडीवर बसण्याआधी, सिग्नलला, आणि उतरल्यावर

पुण्यात दिवसाचा मोठा हिस्सा दुचाकीवर जातो, त्यामुळे हे सोडून चालणार नाही. पण इथे फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. चालत्या गाडीवर श्वास मोजायचे नाहीत, डोळे मिटायचे नाहीत, लक्ष रस्त्यावरच हवं.

हेल्मेटचा पट्टा लावल्यावर, किल्ली फिरवण्याआधी, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सहा श्वास घ्या. चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. एक मिनिट लागतं. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवायचा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. आत घेताना छाती फुगवायची नाही, पोट पुढे येऊ द्यायचं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही फार जोरात श्वास घेताय. मोजणं सोडा, साधा श्वास घ्या.

नळ स्टॉपला किंवा स्वारगेटला उभं असताना मात्र दीर्घ श्वास घेऊ नका. पुढच्या गाडीचा धूर खोल ओढून काय मिळणार! तिथे शरीर सैल करा, वरून खाली: दातांवर दात आवळलेले असतात ते सोडा, कानांकडे चढलेले खांदे उतरवा, हँडलची मूठ ढिली करा. तीन गोष्टींना पंधरा सेकंद पुरतात. बाकीचा वेळ आजूबाजूच्या एका माणसाकडे नीट बघा, म्हणजे फुलांच्या गाडीशी उभ्या बाईंकडे, शेजारच्या गाडीवर आईच्या पाठीला चिकटून झोपलेल्या पोराकडे.

हे सगळं दहा मिनिटं लवकर निघालात तरच जमतं. उशीर झालेला असताना शांत राहण्याची कुठलीही युक्ती चालत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आठवड्यातून एक दिवस गाडी घरी ठेवता आली तर फार चांगलं. वनाझ-रामवाडी मार्गावरची मेट्रो डेक्कन ते महापालिका या टप्प्यात मुठेच्या काठाने जाते. तेवढा वेळ खिडकीतून फक्त पाणी बघा: आज किती आहे, रंग कसा आहे, पात्रातली झुडपं उघडी आहेत की बुडालेली. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पाणी चढण्याआधीचे आणि ओसरल्यानंतरचे दिवस फारसं कोणी बघत नाही.

जेवण

पूर्ण जेवण मौनात करायला सांगणारे बरेच असतात. एकत्र राहणाऱ्या घरात ते नीट होत नाही आणि मला ते योग्यही वाटत नाही, कारण आपल्याकडे जेवताना गप्पा होतात त्याच दिवसभरातल्या खऱ्या गप्पा असतात. पहिले पाच घास मात्र स्वतःचे ठेवा.

पहिला घास नुसत्या ज्वारीच्या भाकरीचा, कशाला न लावता. वीस-पंचवीस वेळा चावा. दहाव्या-बाराव्या चावण्यानंतर ती गोड लागायला लागते, कारण लाळेने पिठातल्या स्टार्चची साखर व्हायला सुरुवात झालेली असते. दुसरा घास भाजीबरोबर, तिसरा चटणीबरोबर. घास तोंडात असताना पुढचा घास हातात तयार ठेवायचा नाही, हात ताटात टेकवून ठेवायचा. हे लिहायला सोपं आणि करायला सगळ्यात अवघड आहे. हात आपोआप कालवायला लागतो.

वरण-भात न चावताच घशाखाली जातो, म्हणून घाईचे जेवणारे भाताशी आले की वेग वाढतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला तो उठल्यावर मिळतो, तोवर एक वाढ जास्त झालेली असते. ऑफिसात डबा खाताना स्क्रीनकडे पाठ करून बसा.

मेथी निवडणं

घरातलं जे काम कंटाळवाणं म्हणून टीव्हीसमोर ढकललं जातं, तेच या सरावासाठी सगळ्यात चांगलं. मेथीची एक जुडी निवडायला वीस मिनिटं लागतात. टीव्ही बंद. खाली वर्तमानपत्र पसरा, एका बाजूला परात, दुसऱ्या बाजूला कचऱ्यासाठी भांडं, आणि जमिनीवर मांडी घालून बसा. पाठ दुखत असेल तर भिंतीला टेका.

जुडीची दोरी सोडा आणि काड्या सैल करा. मधली पानं बहुतेक वेळा ओलसर आणि काळपट पडलेली असतात, ती आधी काढा, नाहीतर एक सडकं पान हाताला चिकटून सगळीकडे फिरतं. मग एकेक काडी घ्या. शेंडा धरून अंगठ्याने देठ वाकवा. जिथे तो पटकन मोडतो तिथपर्यंत कोवळा, जिथे नुसता वाकतो तिथून खाली जून. डोळे काही क्षण मिटून करून बघा, बोटांना जागा अचूक कळते. पाचव्या-सहाव्या काडीला हाताला लय सापडते. ती सापडली की वेग वाढवावासा वाटेल. वाढवू नका, त्याच लयीत राहा.

मध्येच मन भरकटेल, कोणाशी तरी झालेलं भांडण आठवेल. हातातल्या काडीवर किती पानं आहेत ते मोजा. मेथीचं पान तीन पानांचं असतं, मधलं जरा लांबट देठाचं. एवढं बघेपर्यंत भांडण मागे पडलेलं असतं. पुन्हा येईल, पुन्हा मोजा.

पाला धुताना खोल पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पाला हलवा, मिनिटभर थांबा आणि पाला हाताने वर उचलून काढा. पातेलं चाळणीत उपडं केलं तर तळाला बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते आणि भाजी कचकच लागते. तीन पाणी लागतात, पावसाळ्यात चार. तिसऱ्या पाण्याचा तळ बोटाने चाचपून बघा.

ज्यांना स्वयंपाक करायचा नसतो त्यांनी इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घ्याव्यात किंवा कुंड्यांना पाणी घालावं. पण रविवारी सकाळी मंडईत जाऊन स्वतः जुडी निवडून आणण्यात वेगळी मजा आहे. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ची. आत शिरल्यावर लगेच भाव विचारू नका, आधी एक फेरी रिकाम्या पिशवीने मारा. कोथिंबिरीचा वास कुठे संपतो आणि लसणाचा कुठे सुरू होतो एवढं बघत चाला.

टेकडी

आठवड्यातून एकदा तासभर. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, जी जवळ असेल ती. लांबची निवडली की तिसऱ्या आठवड्यात जाणं सुटतं. सूर्योदयानंतर लगेच निघा, हिवाळ्यात सातच्या सुमारास आणि उन्हाळ्यात सहाला. पाण्याची बाटली आणि टोपी पुरे. इअरफोन घरी ठेवा, आणि पावलं मोजणारं घड्याळही, कारण ते मनगटावर असलं की चालणं आकड्यासाठी होतं.

चढ नेहमीच्या वेगाने चढा. सपाटीवर आल्यावर दहा मिनिटं निम्म्या वेगाने चाला, म्हणजे मिनिटाला पन्नास-साठ पावलं. टाच टेकते, मग तळव्याची बाहेरची कड, मग बोटं, आणि मागची टाच उचलते. सुरुवातीला तोल गेल्यासारखा वाटतो, कारण एका पायावर आपण एरवी इतका वेळ नसतोच. खडीच्या उतारावर हा प्रयोग करू नका.

मग एखाद्या दगडावर बसा आणि दहा मिनिटं हलू नका. तुम्ही आल्यामुळे गप्प झालेले पक्षी पाच-सात मिनिटांत पुन्हा बोलायला लागतात, म्हणून दोन मिनिटांत उठणाऱ्याला टेकडी नेहमी मुकीच वाटते. आवाज तीन वर्तुळांत ऐका. आधी हाताच्या अंतरावरचा: गवत, माशी, स्वतःचा श्वास. मग पन्नास पावलांवरचा: बुलबुल, कोणाचं तरी बोलणं. मग सगळ्यात लांबचा, म्हणजे खालच्या रस्त्यावरची घरघर आणि कुठल्याशा सोसायटीतली कुकरची शिट्टी. शहराच्या आवाजाला शत्रू मानू नका, तोही एक आवाज आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाला 'टुक् टुक् टुक्' असा एकसारखा आवाज येईल, धातूवर हातोडी मारल्यासारखा. तो तांबट. कसबा पेठेतल्या तांबट आळीत भांड्यांवर हातोडीने मठारकाम होतं, त्याच आवाजावरून पक्ष्याचं नाव पडलं. तो मान फिरवत ओरडतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. हिरव्या पानांत तो सहज दिसत नाही. शोधायचाच असेल तर निष्पर्ण फांदीच्या टोकाकडे बघा.

शक्य असेल तर टेकडीवरचं किंवा घराजवळचं एक झाड धरा आणि दर आठवड्याला त्याच्याशी दोन मिनिटं थांबा. बहावा धरलात तर आधी पानं गळताना दिसतील, मग एप्रिल-मेमध्ये पिवळे घोस लोंबतील, नंतर हिरव्या शेंगा येऊन महिनोन्‌महिने काळ्या पडत जातील. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बुचाच्या झाडाखाली पहाटे गेलात तर रात्री गळलेली पांढरी फुलं वेचता येतात. आठ-दहा फुलं वाटीभर पाण्यात ठेवा, खोलीभर वास राहतो. वास येईनासा झाला की फुलं बदलण्याआधी बाल्कनीत एक फेरी मारून या.

पावसाळ्यात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेला जाऊ नका आणि पायवाट सोडून गवतात शिरू नका. अंधार पडल्यावर एकट्याने थांबू नका.

टेकडी जमत नसेल आणि काम जंगली महाराज रस्त्याच्या आसपास असेल, तर दुपारच्या सुट्टीत पंधरा मिनिटं पाताळेश्वरात जा. आठव्या शतकातलं हे लेणं एका अखंड खडकातून खोदून काढलेलं आहे. चपला काढून गोल नंदीमंडपापाशी उभे राहा आणि मग आतल्या खांबांत शिरा. तळव्यांना ऊन दगड आणि गार दगड यांतला फरक दोन पावलांत कळतो.

दुपार आणि रात्र

सुट्टीच्या दिवशी वामकुक्षी वीस मिनिटांची, पंचवीस मिनिटांचा गजर लावून. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि संध्याकाळभर डोकं जड राहतं.

रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणा. 'गजर मोबाइलवरच आहे' या एका सबबीवर तो उशाशी राहतो. सोसायटीचा, शाळेचा, नातेवाइकांचा ग्रुप म्यूट करा, फोन मात्र वाजू द्या, म्हणजे घरच्यांची काळजी राहत नाही. पहिल्या तीन-चार रात्री हात उशीखाली चाचपत राहील. आठवड्याभरात ते बहुधा कमी होतं.

अडचणी

काही जण याचीही स्पर्धा करतात: आज किती शांत होतो, काल किती. असं होत असेल तर आठवडाभर मोजणं पूर्ण बंद ठेवा. काही जणांना पाचव्या-सहाव्या दिवशी भयंकर कंटाळा येतो. तो अपयशाचा नसतो. सतत काहीतरी डोळ्यांपुढे असण्याची सवय सुटताना तो येतोच, त्यातून आणखी चार दिवस जा. बाळ लहान आहे, घरात आजारी माणूस आहे, दोन पाळ्यांत काम आहे, अशांनी फक्त सहा श्वास आणि चहाचे तीन घोट ठेवावेत. त्याहून जास्त मागणं त्यांच्यावर अन्याय आहे.

वेग कमी झाला की दाबून ठेवलेलं दुःखही वर येऊ शकतं. अचानक रडू आलं तर रडा, घाबरू नका. पण दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, झोप उडाली, आवडीच्या कशातच रस वाटेना, किंवा जगणं नको वाटलं, तर सावकाश चहा हा त्यावरचा इलाज नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.

चौदा दिवस झाले की दुसरं काम जोडायचं का हे ठरवण्यासाठी एक छोटी वही ठेवा. रोज रात्री एकच ओळ, आणि त्यात भावना लिहायच्या नाहीत, फक्त जे दिसलं, ऐकलं, हाताला लागलं ते: 'पाण्याचा आवाज आज उशिरा उतरला', 'मेथीच्या मुळांना लाल माती', 'शेजारच्या काकूंचा खोकला थांबलाय'. चौदा ओळींपैकी निदान आठ वेगवेगळ्या निघाल्या तर पुढचं काम घ्या. 'चहा छान झाला' हेच पुन्हा पुन्हा लिहिलेलं सापडलं, तर चहाच आणखी आठवडाभर करा. यावेळी आलं ठेचताना खलबत्ता दुसऱ्या हातात धरून बघा.